उकिरड्याचे पांग : इंदूरहून आपल्या कुंडीपर्यंत आलेल्या खताची गोष्ट

हा भाग तुम्ही कानात इअरफोन घालून ऐकत असाल किंवा इथे खाली लिहिलेला वाचत असाल, दोन्ही तितकंच छान. वाचणाऱ्यांसाठी एवढंच सांगते की बोलताना जे बोलले ते बरंचसं तसंच ठेवलंय. फक्त मधले खोकले आणि कुकरच्या शिट्ट्या काढल्यात.

आजची गोष्ट इतिहासाची आहे, पण तिची सुरुवात माझ्या एका गुन्ह्यापासून होते.

आमच्या डोंबिवलीच्या घराच्या खिडकीत एक मोगरा आहे. आजी गाव सोडून आमच्याकडे राहायला आली तेव्हा तिने सोबत दोन ट्रंका, एक पाटा आणि तेलाच्या डब्यात लावलेलं हे मोगऱ्याचं झाड आणलं होतं. ती त्याला काय घालायची? तांदळाचं धुवण. मासे धुतलेलं पाणी. चहाचा चोथा, तोही धुऊन. बाजारातून आणलेलं काही नाही. आजी गेली आणि झाडाची जबाबदारी माझ्यावर आली. एका उन्हाळ्यात पानं पिवळी पडायला लागली. मी मोबाइलवर शोधलं. पानं पिवळी म्हणजे नत्राची कमतरता, असं वाचलं. मामाने भातासाठी घेतलेल्या युरियातला थोडा आमच्याकडे एका पिशवीत पडून होता. मी मूठभर युरिया कुंडीत टाकला आणि वर पेलाभर पाणी ओतलं. आता हे होईल हिरवंगार, म्हणून खूश होऊन झोपले.

चौथ्या दिवशी पानांच्या कडा करपल्या. आठव्या दिवशी निम्मं झाड वाळलं. आईने कुंडीत बोट घालून बघितलं आणि म्हणाली, "अगं, एवढं मीठ कुणी घालतं का?"

मला वाटलं आई उगाच बोलतेय. युरिया म्हणजे काय मीठ आहे का? पण नंतर वाचत गेले तेव्हा कळलं की ती अगदी बरोबर बोलली होती. आणि वाचता वाचता अशा एका माणसाच्या नावापाशी पोचले, जे मी त्याआधी कधीच ऐकलं नव्हतं. आपण सगळ्यांनीच ऐकायला हवं होतं असं ते नाव आहे. त्याच्याकडे येतेच, पण आधी एक कुंडी बघू. जवळजवळ चारशे वर्षांपूर्वीची.

दोन औंसांचं कोडं

ब्रसेल्सच्या परिसरात यान बाप्टिस्ट व्हॅन हेल्मॉन्ट नावाचा एक वैद्य राहायचा. त्याला प्रश्न पडला की झाड वाढतं ते नक्की कशातून? लोक म्हणायचे, मातीतून. झाड माती खातं. हेल्मॉन्टने काय केलं, तर भट्टीत वाळवलेली २०० पौंड माती, म्हणजे साधारण ९० किलो, एका मोठ्या कुंडीत भरली. त्यात ५ पौंडांचं विलोचं रोप लावलं. वर बारीक भोकांचं पत्र्याचं झाकण ठेवलं, म्हणजे धूळ आत जाणार नाही. आणि पाच वर्षं फक्त पाणी घातलं.

पाच वर्षांनी झाड उपटून तोललं. १६९ पौंडांच्या वर भरलं. मग माती पुन्हा वाळवून तोलली. ती किती कमी झाली असेल? फक्त दोन औंस. म्हणजे आजच्या हिशेबात साधारण ५७ ग्रॅम. घरातल्या दोन लहान बटाट्यांएवढं वजन.

हेल्मॉन्टने निष्कर्ष काढला की झाड पाण्यापासून बनतं. त्याच्या मृत्यूनंतर १६४८ मध्ये त्याच्या लेखनाचं पुस्तक छापलं गेलं आणि हा प्रयोग सगळीकडे पोचला. निष्कर्ष अर्धवट होता. झाडाच्या वजनाचा मोठा भाग हवेतून येतो, कार्बन डायऑक्साइडमधून. हे कळायला पुढची दीडशे वर्षं लागली. पण मजा अशी आहे की हेल्मॉन्टने जे दोन औंस किरकोळ म्हणून सोडून दिले, तिथेच आपला आजचा सगळा विषय दडलेला आहे. झाड मातीतून फार थोडं घेतं. पण ते थोडं मिळालं नाही, तर हवा आणि पाणी कितीही असो, झाड वाढत नाही.

राख, पक्ष्यांची विष्ठा आणि हवा

त्या दोन औंसांत काय असतं हे जगाला ठासून सांगितलं जर्मनीतल्या युस्टुस फॉन लीबिग या रसायनशास्त्रज्ञाने. १८४० साली त्याचं शेतीच्या रसायनशास्त्रावरचं पुस्तक आलं. झाड जाळा, राख तपासा, राखेत जे सापडेल ते झाडाने मातीतून घेतलेलं आहे. तेच मातीला परत द्या. साधा, सरळ हिशेब. आज आपण दुकानातून एनपीके लिहिलेली पुडी आणतो ना, नत्र, स्फुरद, पालाश, त्या पुडीमागचा विचार हाच आहे.

त्याच्याच नावाने ओळखला जाणारा दुसरा विचार असा, की जे अन्नद्रव्य सगळ्यात कमी असेल तेवढीच झाडाची वाढ होते. बाकीची कितीही ओतली तरी उपयोग नाही. खरं म्हणजे हे कार्ल श्प्रेंगेल या दुसऱ्या जर्मन शास्त्रज्ञाने आधीच मांडलं होतं. पण नाव झालं लीबिगचं. हे लक्षात ठेवा, कारण असंच पुढे पुन्हा एकदा होणार आहे.

आणि हो, एवढ्या मोठ्या लीबिगचा स्वतःचा खताचा धंदा साफ बुडाला. पावसाने खत वाहून जाऊ नये म्हणून त्याने ते असं वितळवून घट्ट केलं, की ते पाण्यात विरघळेनाच. मुळांना काही मिळालंच नाही. मला हे वाचून फार बरं वाटलं. मी जास्त विरघळणारं घालून झाड जाळलं, त्याने न विरघळणारं घालून उपाशी ठेवलं!

त्याच सुमाराला युरोपला पेरूच्या किनाऱ्यावरची चिंचा बेटं सापडली. तिथे पाऊस जवळजवळ पडतच नाही. समुद्रपक्ष्यांच्या विष्ठेचे डोंगर हजारो वर्षं साठून राहिले होते. त्याला म्हणतात ग्वानो. नत्र आणि स्फुरदाची खाणच. स्थानिक लोक ते कितीतरी शतकं शेतात वापरत होते. १८४० नंतर ते जहाजं भरभरून युरोप-अमेरिकेत जायला लागलं. ते खणायला फसवून, करारात अडकवून आणलेले चिनी मजूर होते आणि त्यांचे हाल गुलामांसारखेच होते. अमेरिकेने १८५६ मध्ये कायदाच केला की कुणाच्या मालकीचं नसलेलं ग्वानोचं बेट आपल्या नागरिकाला सापडलं तर त्यावर हक्क सांगता येईल. १८६४ मध्ये स्पेनने चिंचा बेटांवर ताबा घेतला आणि त्यातून युद्ध पेटलं. विष्ठेसाठी युद्ध, मंडळी! आपण नाक मुरडतो त्या वस्तूची ही किंमत होती.

काही दशकांत ते डोंगर संपत आले. मग १९०९ मध्ये फ्रिट्झ हाबर या जर्मन शास्त्रज्ञाने हवेतल्या नायट्रोजनपासून अमोनिया बनवून दाखवला. कार्ल बॉशने ते तंत्र कारखान्यात आणलं आणि १९१३ मध्ये ओपाऊ इथे उत्पादन सुरू झालं. पहिल्या महायुद्धात त्याच तंत्राने स्फोटकांसाठी कच्चा माल पुरवला. हाबर स्वतः विषारी वायूच्या हल्ल्यांच्या कामात होता. आणि त्याच तंत्रामुळे आज जगातल्या निम्म्या लोकांच्या ताटात अन्न येतं, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. एकाच शोधाच्या या दोन बाजू आहेत.

मी रासायनिक खताला शिव्या घालायला बसलेली नाही. इंग्लंडमध्ये रोथमस्टेड इथे १८४३ पासून आजपर्यंत गव्हाच्या शेतावर खतांचे प्रयोग चालू आहेत. शेणखतावरच्या आणि रासायनिक खतावरच्या तुकड्यांत कितीतरी दशकं जवळपास सारखंच पीक आलं. म्हणजे लीबिगचा हिशेब खोटा नाही.

मग माझा मोगरा का जळला? युरियात ४६ टक्के नत्र असतं. तो पाण्यात पटकन विरघळतो. कुंडीतल्या मूठभर मातीत एवढं काही विरघळलं, की मातीतलं पाणी मुळाच्या आतल्या पाण्यापेक्षा दाट होतं. मग पाणी मुळात जायच्या ऐवजी मुळातून बाहेर येतं. कैरीच्या फोडींना मीठ लावल्यावर पाणी सुटतं ना, अगदी तसंच. म्हणून म्हटलं, आई बरोबर बोलली होती. शेतात मूठभर युरिया पसरतो, खाली जातो. बारा इंचांच्या कुंडीत तो जाणार कुठे?

इंदूर, १९२४

आता आपण येतो इंदूरला. होळकरांच्या इंदूरला.

अल्बर्ट हॉवर्ड हा इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ १९०५ मध्ये बिहारमधल्या पुसा इथल्या सरकारी संशोधन संस्थेत आला. त्याची बायको गॅब्रिएल केंब्रिजची. प्रकाशसंश्लेषणावर लग्नाआधीच नाव मिळवलेली शास्त्रज्ञ. दोघांनी मिळून गव्हाच्या नव्या जाती काढल्या, पुस्तकं लिहिली. पण हॉवर्डला एक गोष्ट खटकत होती. प्रत्येक शास्त्रज्ञ आपापल्या खोलीत बसलाय. एकाला कीड दिसते, एकाला माती, एकाला बी. अख्खं शेत कुणालाच दिसत नाही. त्याने आजूबाजूच्या शेतकऱ्यांकडे बघायला सुरुवात केली आणि पुढे त्यांना आपले गुरू म्हटलं. साहेबाच्या राज्यात साहेबाने असं म्हणणं ही साधी गोष्ट नव्हती.

१९२४ मध्ये इंदूरला होळकर दरबारने दिलेल्या जमिनीवर एक संस्था उभी राहिली. पैसा होता कापसाच्या मध्यवर्ती समितीचा आणि मध्य भारतातल्या संस्थानांचा. काम कापसाचं. पण हॉवर्ड पती-पत्नींना कळून चुकलं होतं की नुसतं बियाणं सुधारून भागणार नाही, आधी माळव्याच्या काळ्या मातीचं पोट भरायला हवं. आणि त्यासाठी खत कुठून आणायचं? विकत घ्यायला शेतकऱ्याकडे पैसा नाही. शेण आहे, पण त्याच्या गोवऱ्या थापून चूल पेटते. कापसाच्या पऱ्हाट्या आणि तुरीच्या तुऱ्हाट्या आहेत, पण त्या लाकडासारख्या कडक, लवकर कुजत नाहीत.

तर त्यांनी काय केलं, ऐका. पऱ्हाट्या शेतातल्या गाडीवाटेवर पसरल्या. बैलगाड्यांच्या चाकांखाली त्या चिरडून निघाल्या. मग त्यातला पाला-काडी गुरांच्या अंगाखाली अंथरायची. गोठ्यातली गोमूत्र मुरलेली माती खणून घ्यायची. चुलीतली राख घ्यायची. शेण थोडंच असेल तर पाण्यात कालवून विरजणासारखं वापरायचं. त्याशिवाय आधीच्या खड्ड्यातलं थोडं कुजत आलेलं खत मिसळायचं, दह्याला कवडी लावतो तसं. हे सगळं उथळ खड्ड्यात थरावर थर रचायचं, ओल ठेवायची, आणि ठरावीक दिवसांनी उलथंपालथं करायचं, म्हणजे आत हवा खेळते. साधारण तीन महिन्यांत काळं, भुसभुशीत, मातीचा वास असलेलं खत तयार!

यात नवं काय होतं? कुजवणं तर जगभर जुनं आहे. चीनमधल्या शेतकऱ्यांच्या पद्धती हॉवर्डने वाचल्या होत्या. आपल्याकडे वराहमिहिराच्या बृहत्संहितेत झाडांसाठी शेळ्यामेंढ्यांच्या लेंड्यांची पूड, तीळ, सातू पाण्यात सात रात्री भिजवून घालायला सांगितलंय. आपले शेतकरी धनगरांची मेंढरं शेतात बसवायचे आणि बदल्यात धान्य द्यायचे. म्हणजे जिन्नस सगळे ओळखीचे. नवं होतं ते प्रमाण. कुजवणारे सूक्ष्म जीव सुका पालापाचोळा, म्हणजे कर्ब, आणि शेण-मूत्र-ओला कचरा, म्हणजे नत्र, हे दोन्ही एका मापात खातात. साधारण तीस भाग कर्बाला एक भाग नत्र. ओलं जास्त झालं तर घाण वास. सुकं जास्त झालं तर महिनोन्‌महिने काही कुजत नाही. हे मोजणं, तपासणं, पुन्हा करून बघणं, हे रसायनशास्त्राचं काम होतं.

आणि हे काम ज्याच्याकडे होतं, तोच तो माणूस. यशवंत वाड. इंदूरच्या त्या संस्थेतला रसायनशास्त्राचा सहायक. १९३१ मध्ये शेतीतल्या टाकाऊ वस्तूंपासून खत करण्यावरचं पुस्तक ऑक्सफर्डने छापलं. मुखपृष्ठावर दोन नावं आहेत. अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत डी. वाड.

मी ते नाव पहिल्यांदा वाचलं तेव्हा मोबाइल बाजूला ठेवून बसून राहिले. जगभरात ज्याला इंदूर पद्धत म्हणतात, जिच्यातून सेंद्रिय शेतीची अख्खी चळवळ उभी राहिली, तिच्या मूळ पुस्तकावर यशवंत वाड हे नाव आहे. आणि माझ्या शाळेच्या कुठल्याही पुस्तकात ते नव्हतं. हॉवर्डला १९३४ मध्ये सर ही पदवी मिळाली. १९४० मध्ये त्याचं प्रसिद्ध पुस्तक आलं. अमेरिकेत रोडेल नावाच्या गृहस्थाने त्याच्यापासून प्रेरणा घेऊन १९४२ मध्ये सेंद्रिय बागकामाचं मासिक काढलं. गॅब्रिएल १९३० मध्येच गेली होती. हॉवर्डने निदान १९४० चं पुस्तक तिला अर्पण केलं. वाडांचं नाव मात्र तळटीपांत उरलं.

पण ते गप्प बसले नव्हते. हॉवर्ड इंग्लंडला परत गेल्यावर, १९३४ मध्ये, जॅक्सन या सहकाऱ्यासोबत वाडांनी एक लेख लिहिला. तो शेतीच्या नाही, वैद्यकाच्या मासिकात आला. विषय होता वस्तीतल्या कचऱ्याचं आणि मैल्याचं याच पद्धतीने खत कसं करायचं. म्हणजे बघा, शेतातलं खत शहराच्या दारात आणणारं पाऊल तेव्हाच पडलं होतं. आज तुम्ही गॅलरीत ठेवता ती भोकं पाडलेली बादली त्याच वाटेवरची आहे. १९३५ मध्ये गांधीजी इंदूरला आले तेव्हा त्यांनी ही संस्था पाहिली. आणि तेच इंदूर पुढे स्वच्छतेसाठी देशात पहिलं आलं!

हात कुणाचे?

इथे मला थोडं थांबायचंय. कारण खताचा इतिहास नुसता रसायनांचा नाही, तो हातांचाही आहे.

आपल्या भाषेत माणसाच्या मैल्याच्या खताला सोनखत म्हणतात. किती सुंदर शब्द! पण ते सोनं डोक्यावरून वाहणाऱ्याला गावाने विहिरीवर पाणी भरू दिलं नाही. खत सोन्याचं आणि माणूस अस्पृश्य, असा आपला हिशेब होता.

हे ज्यांना सहन झालं नाही त्यांतले एक कोकणातले अप्पासाहेब पटवर्धन. १९३२ मध्ये रत्नागिरीच्या तुरुंगात असताना त्यांनी मागणी केली की सफाईचं काम मलाही करू द्या. जातीने ब्राह्मण म्हणून ते त्यांना नाकारलं जात होतं. त्यांनी उपास धरला आणि येरवड्यात गांधीजींनीही त्यांच्यासाठी उपास सुरू केला. पुढे कणकवलीच्या गोपुरी आश्रमात अप्पासाहेबांनी मैल्याचं खत करणारे संडास उभे केले. हेतू दुहेरी होता. शेताला खत मिळावं आणि कुणाला दुसऱ्याची घाण वाहावी लागू नये.

हे मी का सांगतेय? कारण आपल्या सोसायटीतही ओला-सुका कचरा वेगळा करायचा म्हटलं की पहिलं वाक्य येतं, "ते काम कचरेवाल्याचं." आपण खाल्लेल्या केळ्याची साल आपल्याला हातात धरवत नाही. दुसऱ्याने मात्र ती सॅनिटरी पॅड आणि ब्लेडमधून हाताने वेगळी काढावी. घरच्या बादलीत खत करणं म्हणजे माझ्या दृष्टीने आधी हे आहे. झाडं वगैरे त्यानंतर.

गच्चीवर

पुढचा दुवा कोल्हापूरचा. श्री. अ. दाभोळकर गणिताचे प्राध्यापक. त्यांनी प्रयोग परिवार उभा केला. शेतकऱ्याने स्वतः प्रयोग करायचा, स्वतः मोजायचं आणि पत्राने एकमेकांना कळवायचं. तासगावच्या द्राक्ष बागायतदारांनी त्यातून काय करून दाखवलं ते प्रसिद्ध आहे. दाभोळकरांचं म्हणणं असं होतं की थोड्या जागेत, पालापाचोळ्यापासून माती स्वतः तयार करता येते, आणि हे शहरातल्या गच्चीवरही जमतं. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघराच्या गच्चीवर हजारो माणसांच्या जेवणातला भाजीचा कचरा वापरून अशी बाग फुलली. चिकू, पेरू, भाज्या! खाली बंदर, वर बाग.

मग आपण काय करायचं?

सगळा इतिहास ऐकून झाल्यावर तुम्ही म्हणाल, ताई, कुंडीत काय घालू ते सांग. सांगते. मी करते तेवढंच सांगते.

एक झाकणाची बादली घ्या. बाजूला आणि तळाला भोकं पाडा. खाली सुक्या पानांचा थर द्या. रोज भाजीचा ओला कचरा बारीक चिरून टाका आणि त्यावर त्याच्या दुप्पट-तिप्पट सुका पाला. पाला नसेल तर पुठ्ठ्याचे तुकडे चालतात, चकचकीत छपाईचे नकोत. विरजण म्हणून मूठभर जुनं खत किंवा आंबट ताक. आठवड्यातून एकदा ढवळा. ओल किती? फडकं घट्ट पिळल्यावर असतं तितकी. वास आला तर सुकं वाढवा आणि ढवळा. काहीच होत नसेल तर ओलं वाढवा. सुरुवातीला शिजलेलं, तेलकट, दुधाचं काही घालू नका. अळ्या दिसल्या तर किंचाळू नका, त्याही कुजवायचंच काम करतात. ओल कमी केली की जातात. दोन-तीन महिने धीर धरा.

तयार खत महिन्यातून एकदा एक-दोन मुठी कुंडीच्या कडेने मातीत मिसळा. अशा खतात नत्र साधारण एक-दोन टक्केच असतं. म्हणजे युरियाच्या तुलनेत अगदी थोडं. पण ते हळूहळू मिळतं, माती भुसभुशीत राहते, पाणी धरून ठेवते. फुलझाडांना भूक जास्त असेल तर थोडी निंबोळी पेंड द्या. अंड्याची टरफलं नुसती चुरून टाकली तर वर्षानुवर्षं तशीच राहतात, मिक्सरमधून पूड करा. चहाचा चोथा धुऊन घ्या, साखर राहिली तर मुंग्या येतात. आणि पानं पिवळी दिसली की लगेच खत नको. आधी बोट घालून बघा. निम्म्या वेळा दोष पाण्याचा असतो, कुंडीचं भोक बुजलेलं असतं. माझ्या मोगऱ्याचं तेच झालं होतं! भोक मुळांनी गच्च भरलं होतं, पाणी साचत होतं, आणि मी उपाशी समजून त्याला युरिया भरवला.

रासायनिक खत वापरायचंच असेल तर चिमूटभर, भरपूर पाण्यात विरघळवून आणि ओल्या मातीत. मुठीने कधीही नको.

शेवटचं

आपल्याकडे म्हण आहे, बारा वर्षांनी उकिरड्याचेही पांग फिटतात. आपण ती नशिबाबद्दल वापरतो. गावी घराच्या मागे उकिरडा असायचा आणि तो पावसाआधी गाड्या भरून शेतात जायचा. उकिरड्याचे पांग दरवर्षीच फिटायचे. शहरात आल्यावर आपण तो शब्द शिवी करून टाकला आणि कचरा डोळ्याआड, डम्पिंग ग्राउंडवर पाठवला. माती मात्र दुकानातून पिशवीत विकत आणतो.

मोगऱ्याचं काय झालं, हे सांगायचं राहिलं. आईने करपलेल्या फांद्या छाटल्या. कुंडी उलटी केली, जळकी मुळं कापली, अर्धी माती बदलली. दोन महिने काहीच नाही. मी रोज सकाळी बघायचे आणि आजीची माफी मागायचे. मग बुंध्याशी एक कोंब दिसला. मी पळत आईला बोलावलं. ती म्हणाली, "आता लगेच काही घालू नकोस हं. राहू दे त्याला जरा."

यंदा चैत्रात सात फुलं आली. फार नाहीत. आजीच्या फोटोला एक वाहिलं. दुसरं माझ्या वहीत यशवंत वाड हे नाव लिहिलेल्या पानात ठेवलंय. त्यांचा फोटो मला अजून कुठे मिळालेला नाही.

आज घरी गेलात की कुंडीत फक्त बोट घालून बघा. काही घालू नका. माती कशी आहे ते मला कळवा. भेटू पुढच्या भागात.